एक भाव, तीन माल : बास बोटीचा सौदा

कापडाच्या बाजारात शर्टपीस आणि पँटपीस एकाच डब्यात घालून विकण्याची जुनी रीत आहे. डबा देखणा, भाव एक. गिऱ्हाईक वरचा शर्टपीस बोटांनी चोळून पाहते, पोत पसंत पडतो आणि सौदा होतो. खालचा पँटपीस बहुतेक वेळा घरी गेल्यावरच उलगडला जातो. जाणता घेणारा मात्र डबा दुकानातच उघडायला लावतो आणि दोन्ही कापडे वेगवेगळी पारखतो. अमेरिकेत ‘बास बोट’ या नावाने जो माल विकला जातो, त्यालाही हाच नियम लागू पडतो. फरक एवढाच की त्या डब्यात दोन नव्हे, तीन वस्तू असतात : बोट, इंजिन आणि बोट वाहून नेणारा ट्रेलर. शिवाय या खरेदीत पारख चुकली तर नुकसान केवळ पैशाचे होत नाही. पाण्यावर जीवही जातो.

आपल्यापैकी अनेकांची मुले, भाचे, पुतणे आज टेक्सास, जॉर्जिया, फ्लोरिडा अशा राज्यांत नोकरी-धंद्यानिमित्त स्थायिक झाले आहेत. तिकडे गावोगावी मोठे तलाव आहेत आणि सुटीच्या दिवशी मासेमारी हा घरोघरचा शौक आहे. कमाई स्थिरावली की बोट घेण्याचा विचार येतो. रक्कम मोटारगाडीइतकी किंवा त्याहून मोठी असते. अशा वेळी काय पाहावे, काय टाळावे, हे माहीत असणे बरे. आणि ज्यांना बोट घ्यायची नाही, पण फायबर, वेल्डिंग किंवा सीटकव्हरचे काम हाती आहे, त्यांनाही या धंद्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

मासा कोणता आणि बोट अशी का?

प्रथम एक गैरसमज दूर करू. आपल्या रायगड-रत्नागिरीकडच्या जिताड्याला इंग्रजीत ‘सी बास’ म्हणतात. तो मासा वेगळा. अमेरिकेतला ‘लार्जमाउथ बास’ हा गोड्या पाण्यातला, मोठ्या तोंडाचा, हिरवट रंगाचा शिकारी मासा आहे. तो पाणवनस्पती, बुडालेली झाडे, खुंट आणि काठाजवळची सावली यांच्या आसऱ्याने राहतो. त्याच्या मागे जाणाऱ्या बोटीला तीन कामे करावी लागतात. उथळ पाण्यात शिरणे, माणसाला उभे राहून गळ टाकता येईल इतके स्थिर राहणे, आणि एका जागी मासा नाही मिळाला तर झटपट मैलभर दुसरीकडे जाणे.

बास बोटीचा सगळा घाट याच तीन कामांतून आला आहे. काठ बुटके, पुढे-मागे सपाट फलाट, पुढच्या टोकाला आवाज न करणारी छोटी विजेची मोटर, मागे ताकदवान पेट्रोल इंजिन, आणि पोटात मासा जिवंत ठेवण्यासाठी खेळत्या हवेच्या पाण्याची टाकी. ही बोट तलावासाठी आहे. काठ बुटके असल्यामुळे समुद्राच्या लाटांपुढे ती टिकायची नाही.

धंदा कसा उभा राहिला?

पहिली बास बोट म्हणून जिचे नाव घेतात ती ‘स्कीटर’. ती १९४८ साली लुइझियाना राज्यातील श्रीव्हपोर्ट येथे होम्स थर्मंड या कारिगराने बनवली. तिचा आकार लांबट, चपटा आणि पुढे निमुळता होता. स्कीटर म्हणजे डास. त्या काळी काम प्लायवुडचे होते, फायबर नंतर आले. विजेची छोटी मोटर तर त्याआधीच, १९३४ साली, नॉर्थ डकोटातील फार्गो येथे ओ. जी. श्मिट यांनी तयार केली होती.

पण माल असून बाजार नव्हता. तो बाजार एका विमा विक्रेत्याने उभा केला. अलाबामाच्या रे स्कॉट यांनी जून १९६७ मध्ये आर्कान्सामधील बीव्हर लेक या तलावावर मोठी बक्षिसी स्पर्धा भरवली. त्यात १०६ जण उतरले. पुढच्याच वर्षी त्यांनी बास धरणाऱ्यांची संघटना काढली. स्पर्धा आली तशी वेगवान, भक्कम बोटीची मागणी आली. त्याच १९६८ साली आर्कान्सातील फ्लिपिन या छोट्या गावात फॉरेस्ट वुड यांनी ‘रेंजर’ बोटींचे काम सुरू केले. वुड स्वतः नदीवर लोकांना मासेमारीसाठी नेणारे वाटाडे होते, म्हणजे वापरणाराच बनवणारा झाला. १९७१ मध्ये त्यांचा कारखाना आगीत जळाला, तेव्हा त्यांनी धावत जाऊन ऑर्डरींची फाइल तेवढी वाचवली आणि काम पुन्हा उभे केले. आपल्या कारिगर बांधवांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. साचे पुन्हा करता येतात, गिऱ्हाइकाचा एतबार गेला की तो परत बनवता येत नाही.

तिसरे नाव जॉनी मॉरिस यांचे. मिसुरीतील स्प्रिंगफील्ड येथे १९७२ साली त्यांनी वडिलांच्या दुकानातील आठ चौरस फूट जागेत गळ-दोरीचा माल मांडला. पुढे त्याची ‘बास प्रो शॉप्स’ ही प्रचंड पेढी झाली. मॉरिस यांची खरी अक्कल १९७८ साली दिसली. तोवर गिऱ्हाइकाला बोट एकाकडून, इंजिन दुसऱ्याकडून आणि ट्रेलर तिसऱ्याकडून घेऊन जोडणी करून घ्यावी लागे. प्रत्येक ठिकाणी भाव वेगळा आणि घासाघीस वेगळी. मॉरिस यांनी ‘बास ट्रॅकर’ नावाने अॅल्युमिनियमची बोट, इंजिन आणि ट्रेलर जोडून, तयार करून, २,९९५ डॉलर या एकाच जाहीर भावाने विकायला काढली. मध्यमवर्गीय माणसाला आपण काय देणार आणि काय घेऊन जाणार हे एका वाक्यात कळले. बाजार तेथून बदलला. आज बहुतेक कंपन्या याच पद्धतीने विकतात.

विकणाऱ्याला ही युक्ती नफ्याची ठरली आणि घेणाऱ्यालाही सोयीची. पण भाव एक झाला की तीन मालांपैकी कोणता कच्चा आहे, हे झाकले जाते. चकाकत्या बोटीखाली बहुधा ट्रेलर हलका निघतो किंवा इंजिन बोटीच्या मानाने अशक्त निघते. म्हणून पुढची सारी पारख सुटी सुटी करायची आहे.

आधी पाणी पाहा, मग बोट

बास बोटी दोन जातीच्या. अॅल्युमिनियमच्या बोटी साधारण १६ ते १८ फुटी, २५ ते ११५ हॉर्सपॉवरच्या इंजिनाच्या. त्या वजनाला हलक्या, किमतीला कमी, खुंटावर आपटल्या तर पोचा पडून भागते, आणि मध्यम गाडीनेही ओढता येतात. दोष असा की वारा त्यांना ढकलतो आणि लाटांवर त्या हिसके देतात. त्यांतही रिव्हेट मारलेली आणि वेल्ड केलेली असे दोन प्रकार आहेत. रिव्हेट वर्षानुवर्षांच्या दणक्यांनी सैल होऊन गळू लागतात, वेल्डचा सांधा जास्त टिकतो, पण तडकला तर दुरुस्तीला पक्का हुनर लागतो.

फायबरच्या बोटी साधारण १८ ते २१ फुटी, १५० ते २५० हॉर्सपॉवरच्या. त्या जड असल्यामुळे लाटा कापत मऊ जातात आणि ताशी सत्तर मैल, म्हणजे ११० किलोमीटरच्या वर वेग घेतात. किंमत, पेट्रोल, विमा आणि ओढणारी गाडी, सारेच मोठे लागते.

ज्या तलावावर वर्षातले बहुतेक दिवस जाणार, तो तलाव पाहून निवड करावी. छोटा, खुंटांनी भरलेला जलाशय असेल तर अॅल्युमिनियम पुरे. टेक्सास-लुइझियाना सीमेवरच्या टोलेडो बेंडसारखे विस्तीर्ण पाणी असेल, जेथे वारा सुटला की लाटा उठतात, तेथे फायबर बरी. शेजाऱ्याची बोट पाहून आपली निवडू नये.

पाटीवरचा आकडा

अमेरिकेत १९७१ च्या बोट सुरक्षा कायद्यानंतर २० फुटांपेक्षा लहान मोटरबोटीवर क्षमतेची पाटी लावणे बनवणाऱ्याला बंधनकारक झाले. तीत तीन गोष्टी लिहिलेल्या असतात : माणसे किती, एकूण वजन किती पौंड, आणि इंजिन जास्तीत जास्त किती हॉर्सपॉवरचे. २० फुटांवरील बोटींनाही पुष्कळ कंपन्या आपणहून पाटी लावतात.

या पाटीबाबत दोन चुका होतात. पहिली, आकड्याच्या वरचे इंजिन बसवणे. बोटीचे धड त्या ताकदीसाठी बांधलेले नसते, मागची बाजू दबते, वेगात बोट हातात राहत नाही, आणि अपघात झाला तर विम्याचा दावाही अडचणीत येतो. झेपेल त्याहून जास्त उधारीचे भांडवल धंद्यात घातले की जे होते, तेच येथे होते. दुसरी चूक उलट दिशेची आहे. भाव कमी दाखवण्यासाठी विक्रेता पाटीच्या मानाने फार छोटे इंजिन जोडून देतो. एकट्या माणसाला ते चालते. पण तीन माणसे, भरलेली टाकी आणि सामान घेतले की बोट पाण्यातून वर उचलत नाही आणि इंजिन कायम जोर लावून दमते. पाटीवरच्या कमाल आकड्याच्या थोडे खाली असलेले इंजिन सर्वसाधारण कुटुंबाला ठीक पडते.

जुनी बोट घेताना

नवी बोट हप्त्यावर घेण्यापेक्षा चांगली जुनी बोट रोखीने घेणे अनेकांना परवडते. पण तपासणी क्रमाने करावी.

बोट : मागची उभी फळी, जिच्यावर इंजिन टांगतात, तिला ट्रान्सम म्हणतात. जुन्या बोटींत फायबरच्या आत प्लायवुड असते. पाणी मुरले की ते आतून कुजते आणि वरून कळत नाही. लाकडी मुठीने ठोकून पाहावे. टणटणीत आवाज आला तर ठीक, भद्द आवाज आला तर संशय घ्यावा. नंतर इंजिन वर उचलून त्याच्या खालच्या टोकावर हाताने दाब द्यावा. फळी लवत असेल किंवा कोपऱ्यांत बारीक तडे दिसत असतील तर सौदा तेथेच सोडावा. बोटीच्या मागच्या उजव्या बाजूला बारा अक्षरी ओळख क्रमांक कोरलेला असतो. आजच्या पद्धतीत त्यातील शेवटचे दोन आकडे मॉडेलचे वर्ष सांगतात. तो क्रमांक कागदपत्रांशी ताडून पाहावा.

इंजिन : प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. त्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक नसावा. खालच्या गिअरचे तेल थोडे काढून पाहावे. ते दुधाळ दिसले तर सील गेले आहे आणि पाणी आत शिरते आहे. नव्या इंजिनांच्या संगणकात किती तास, किती वेगाने चालवले याची नोंद असते. मेकॅनिककडून ती काढून घ्यावी. मालकाच्या तोंडी हिशेबापेक्षा ही नोंद खरी.

ट्रेलर : टायरचे कडेचे तडे, चाकांचे बेअरिंग, ब्रेक आणि दिवे पाहावेत. तापलेले बेअरिंग थंड पाण्यात बुडाले की आत पाणी ओढून घेते, म्हणून त्याचे ग्रीस वेळेवर भरावे लागते. वजनाचाही हिशेब मांडावा. समजा, २० फुटी फायबर बोटीचे धड १,९०० पौंड, २५० हॉर्सपॉवरचे इंजिन ५०० पौंड, ४० गॅलन पेट्रोल २४० पौंड, बॅटऱ्या व सामान ३०० पौंड आणि ट्रेलर १,००० पौंड. बेरीज ३,९४० पौंड, म्हणजे सुमारे १,७९० किलो. त्याच्या साधारण दहा टक्के भार गाडीच्या हुकावर यायला हवा. भार फार कमी पडला तर ट्रेलर महामार्गावर नागमोडी डोलू लागतो. आपली गाडी एवढे ओढू शकते का, हे तिच्या पुस्तिकेत पाहूनच बोट ठरवावी.

सर्वांत शेवटी पाण्यावर चालवून पाहावे. पाण्यावर न्यायला जो मालक टाळाटाळ करतो, त्याच्याकडून बोट घेऊ नये.

गालिचा, शिवण आणि कव्हर

बहुतेक बास बोटींच्या फलाटावर गालिचा चिकटवलेला असतो. तो पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरचा असावा. हे धागे स्वतः पाणी पीत नाहीत. तरी विणीत अडकलेले पाणी खालच्या प्लायवुडला ओलावा देत राहते. म्हणून वापरानंतर कप्प्यांची झाकणे उघडून बोट वाळवावी. पायाखाली फलाट मऊ लागला तर खालचे लाकूड गेले असे समजावे.

सीटचे व्हिनाइल जाड आहे की नाही हे सगळे पाहतात, शिवण कोणी पाहत नाही. सुती दोरा ओलाव्याने कुजतो. उन्हाला टिकणारा पॉलिएस्टर दोराच हवा. शिवण उसवली की पाणी स्पंजात जाते आणि सीट वर्षभरात खराब होते. सीटकव्हरचे काम करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. अशा गिऱ्हाइकाकडे कापडापेक्षा दोऱ्याने नाव होते.

झाकण्याच्या कव्हरसाठी धाग्यातच रंग मुरवलेले अॅक्रिलिक कापड उत्तम. त्याचा रंग टिकतो आणि आतली वाफ बाहेर पडते. जाड पॉलिएस्टरही चालते. सुती कॅनव्हासला बुरशी धरते. कव्हरखाली मधोमध आधाराचा दांडा द्यावा, नाहीतर पावसाचे पाणी साचून कापड फाटते.

चालवण्याची रीत

उतारावर जाण्यापूर्वीच बाजूला उभे राहून तयारी करावी. तळाचे बूच लावावे, सामान ठेवावे, मागचे पट्टे सोडावेत, दोरी बांधावी. पुढचा पट्टा मात्र बोट पाण्याला लागेपर्यंत सोडू नये. बूच विसरणे ही सर्वांत सामान्य चूक आहे आणि तिने नवी कोरी बोट धक्क्यापाशीच बुडते.

चालवणाऱ्याने लाइफ जॅकेट घालावे आणि इंजिन बंद करणारी दोरी अंगाला अडकवावी. २६ फुटांपेक्षा लहान बोटी वेगात चालवताना ही दोरी किंवा तशी बिनतारी सोय वापरणे अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून कायद्याने सक्तीचे आहे. कारण साधे आहे. चालक पाण्यात फेकला गेला की रिकामी बोट थांबत नाही. पंख्याच्या पिळामुळे सुकाणू वळते आणि बोट गोल फिरून त्याच माणसावर परत येते. सक्ती सुरू होण्यापूर्वी कित्येकांच्या बोटीत ही दोरी होती, पण खिळ्याला लटकलेली होती.

सुरुवातीला इंजिन पूर्ण आत वळवलेले असावे. वेग दिला की पुढचे तोंड काही क्षण आभाळाकडे जाते, मग खाली येते आणि बोट पाण्यावर सपाट धावू लागते. तेव्हा बटणाने इंजिन थोडे थोडे बाहेर काढावे. बोट हलकी होते, वेग वाढतो. तोंड खाली-वर आपटू लागले तर इंजिन पुन्हा थोडे आत घ्यावे. जास्त वेगात बोट डावी-उजवीकडे झोके घेऊ लागली तर सुकाणूशी झटापट न करता वेग हळूहळू कमी करावा. नवशिक्याने पहिल्या हंगामात पूर्ण वेगाच्या नादी लागू नये.

बोटीला ब्रेक नसतो. एकदम वेग तोडला तर आपलीच मागची लाट बोटीत येते. समोरून लाटा असतील तर इंजिन आत घेऊन तोंड खाली ठेवावे. लाटा पाठीमागून असतील तर तोंड थोडे उचललेले हवे, नाहीतर ते पुढच्या लाटेत घुसते. धावताना कोणीही उंच खांबाच्या सीटवर बसू नये. ती सीट मासेमारीची आहे, प्रवासाची नाही. बुडालेल्या झाडांच्या जलाशयात खुणेच्या पिंपांनी आखलेल्या वाटेनेच जावे. उजवीकडून येणाऱ्या बोटीला आधी वाट द्यावी.

पंखाही जुळलेला हवा. पूर्ण वेगात इंजिनाचे फेरे पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेत यायला हवेत. कमी पडले तर कमी पिचचा पंखा घ्यावा, जास्त झाले तर वाढीव पिचचा. एक इंच पिचने साधारण १५० ते २०० फेऱ्यांचा फरक पडतो.

परतताना बूच काढून सर्व पाणी तलावाकाठीच सोडावे. बोटीतल्या पाण्यातून परके शिंपले एका तलावातून दुसऱ्यात जातात, म्हणून टेक्साससारख्या राज्यात हे कायद्यानेच सक्तीचे आहे. थंडीपूर्वी गिअरचे तेल बदलावे, कारण त्यात शिरलेले पाणी गोठले की गिअरचे घर तडकते. पेट्रोल महिनोन् महिने पडून राहणार असेल तर ते टिकवणारे औषध घालावे.

हिशेब कोठे संपतो?

बोटीची किंमत हा पहिला खर्च आहे, शेवटचा नव्हे. विमा, नोंदणी, बॅटऱ्या, टायर, ग्रीस, पेट्रोल आणि ठेवायची जागा, यांचा वर्षाचा आकडा आधी कागदावर मांडावा. मग वर्षात किती दिवस पाण्यावर जाणार तो आकडा त्याखाली लिहून भागाकार करावा. एका दिवसाचा खर्च पाहून कित्येक जण भाड्याने बोट घेऊन समाधान मानतील आणि त्यात काही वावगे नाही.

ज्यांना घ्यायचीच आहे, त्यांनी बोट, इंजिन आणि ट्रेलर तिन्ही वेगवेगळे पारखावेत, पाटीवरचा आकडा पाळावा आणि सौदा पाण्यावर चालवून पाहिल्यावर पक्का करावा. आणि परदेशी असलेल्या मुला-भाच्याने फोनवर बोटीचा रंग, वेग आणि हप्ता कितीही कौतुकाने सांगितला, तरी घरातल्या वडीलधाऱ्यांनी त्याला दोनच प्रश्न विचारावेत : ट्रान्सम ठोकून पाहिला का? आणि ती दोरी अंगाला बांधतोस का?